हॅप्टिक्समध्ये यायचंय? हेडसेटच्या आधी बोटांकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीची एक विद्यार्थिनी, इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला. एका मॉलमध्ये तिने व्हीआर हेडसेट लावून पाहिला, समोरचा पेला उचलायला हात पुढे केला आणि बोटं पेल्यातून आरपार गेली. तेव्हापासून तिला स्पर्शाच्या तंत्रज्ञानात, म्हणजे हॅप्टिक्समध्ये, काम करायचं आहे. ती विचारते: हे काम नेमकं कोण करतं, मुंबईत राहून त्यात शिरता येईल का, आणि सुरुवातीला पैसे साठवून आभासी वस्तूचा स्पर्श जाणवून देणारे हॅप्टिक हातमोजे घ्यावेत का?

मी बावीस वर्षं हेच काम करते आहे. साकीनाक्याला आमचा एक गाळा आहे. शिकाऊ डॉक्टरांच्या हाताला सराव मिळावा म्हणून लागणारी उपकरणं आम्ही तिथे बनवतो. हातमोज्यांचं आधी सांगते: आत्ता घेऊ नका. त्यात दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवून टाकलंय की तुमच्या हाताला काय जाणवायला हवं, आणि तेच तर तुम्हाला शिकायचंय. मुंबईतून शिरता येईल का, याचं उत्तर हो. उरला पहिला प्रश्न. त्याला जरा वेळ द्यावा लागेल.

उद्या सकाळी दादरच्या मंडईत जा आणि अर्धा तास फक्त लोकांचे हात बघा. भेंडी घेणारी बाई शेंडा मोडून बघते. कट्कन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर जून. कलिंगडावर टिचकी मारतात, वांगं तळहातावर जोखतात, कोथिंबिरीची जुडी दाबून आत पाणी मारलंय का ते बघतात. मुळजी जेठा मार्केटमधला कापडवाला ठाण उलगडायच्या आधी टोक अंगठ्यात आणि तर्जनीत धरून चोळतो. सुझन लीडरमन आणि रॉबर्टा क्लॅट्झकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये हेच शिस्तीत मांडलं. पोत कळायला आपण बोट घासतो, कडकपणा कळायला दाबतो, गारवा कळायला बोट स्थिर ठेवतो, वजन कळायला वस्तू उचलून धरतो, आकार कळायला मुठीत घेतो किंवा कडेकडेने बोट फिरवतो. हाताची प्रत्येक हालचाल म्हणजे वस्तूला विचारलेला एक प्रश्न असतो. हा हात कोणता प्रश्न विचारणार आहे हे ज्याला माहीत नाही, त्याने स्पर्शाचा भास देणारी मोटर विकत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कातडीबद्दल. तळहात आणि बोटं मिळून एका हातात सुमारे 17,000 स्पर्शग्राहक मज्जातंतू असतात. त्यांचे ढोबळ चार प्रकार. मर्केलचे ग्राहक दाब असेपर्यंत बोलत राहतात. माइसनरचे दाब बदलला की बोलतात, हातातली वस्तू निसटायला लागली की पहिली खबर तेच देतात. खोलवरचे पॅसिनीचे ग्राहक थरथर ओळखतात, सेकंदाला 250 च्या आसपासच्या कंपनांना सगळ्यात तीक्ष्णपणे. मोबाइलमधल्या चांगल्या कंपन-मोटरी याच पट्ट्याच्या आसपास चालतात ते उगाच नाही. चौथे रुफिनीचे, कातडी ताणली गेल्याचं सांगणारे. बोटाच्या टोकावर दोन मिलिमीटर अंतरावरचे दोन टोचे वेगळे कळतात. पाठीवर तेच अंतर चार सेंटिमीटरच्या आसपास लागतं. दाबाचं विजेच्या संदेशात रूपांतर करणारा रेणू तर अगदी अलीकडे, 2010 मध्ये सापडला. आर्डेम पाटापूशियन यांच्या गटाने पेशींना बारीक नळीने टोचत, 72 संशयित जनुकं एकामागून एक बंद करत तो शोधला. त्यासाठी 2021 चं नोबेल मिळालं, उष्णतेचा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड जूलियस यांच्यासोबत. डोळ्याचं आणि कानाचं विज्ञान किती जुनं आहे ते आठवा, म्हणजे आपलं क्षेत्र किती कोवळं आहे ते लक्षात येईल.

आमच्या गाळ्यातली एक गोष्ट सांगते, कारण मी जे शिकले ते तिच्यातच आहे. पाठीच्या कण्यात एपिड्यूरल भूल देताना सुई कातडी, चरबी, मग अस्थिबंध (लिगामेंट) असे थर ओलांडत जाते. शेवटचा पिवळा अस्थिबंध चिवट असतो. तो पार झाला की रोध एकदम नाहीसा होतो, आणि डॉक्टरचा हात तिथल्या तिथे थांबला पाहिजे, कारण पुढे मिलिमीटरांचा हिशोब असतो. शिकाऊ डॉक्टरला हे पुस्तकातून येत नाही. आम्ही पहिलं यंत्र बनवलं तेव्हा थराथराचा रोध छापील आलेखांशी जुळवून घेतला होता. एका ज्येष्ठ भूलतज्ज्ञ बाईंना बोलावलं. त्यांनी दोनदा सुई घातली, खाली ठेवली आणि म्हणाल्या, "जोर बरोबर आहे गं, पण सुटल्यासारखं वाटत नाही."

मला तेव्हा कळेना. आलेखात तर रोध शून्यावर येताना दिसत होता. मग आम्ही सुईच्या मुठीत बलमापक बसवून प्रत्यक्ष मोजलं. मोटरला 'सोड' असा हुकूम मिळत होता, पण मोटरपुढच्या गिअरबॉक्सचं घर्षण सोडत नव्हतं. कड्यावरून खाली पडायचं ते आमचं बळ उतारावरून घसरत खाली येत होतं. आम्ही गिअरबॉक्स काढून टाकला आणि मोटरच्या दांड्यावर पोलादी तारेचे वेढे देऊन मोठं चाक फिरवलं. याला कॅपस्टन म्हणतात. घर्षण जवळपास नाही आणि खुळखुळाही नाही. महिन्याभराने बाई पुन्हा आल्या. या वेळी त्या बोलल्या नाहीत. सुई आत जात होती, पिवळा थर आला, सुटला, आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी जोराऐवजी जोराच्या बदलाकडे बघायला शिकले. हाताला आकडा कळत नाही, त्याला घटना कळते.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट वेगाची. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं दाखवली तरी डोळा समाधानी असतो. हाताला बळ द्यायचं तर हिशोब सेकंदाला हजार वेळा करावा लागतो. कारण समजून घ्या. समजा एक आभासी भिंत आहे, म्हणजे बोट जितकं आत जाईल तितक्या जोराने स्प्रिंगसारखं मागे ढकलायचं. बोट आत जातंय, पण संगणकाला ते थोडं उशिरा कळतं, म्हणून तो कमी ढकलतो. बोट बाहेर येताना तो अजून जुन्याच जागेच्या हिशोबाने ढकलत असतो, म्हणजे जास्त. प्रत्येक फेरीत तुम्ही भिंतीला जेवढी ऊर्जा दिली त्याहून जास्त ती तुम्हाला परत देते. मग भिंत थरथरायला लागते, जणू आत भुंगा अडकलाय. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या एड कोलगेट यांनी याचं गणित मांडलं. ते आज वाचून समजलं नाही तरी चालेल. पण ती थरथर एकदा स्वतःच्या बोटाला जाणवली पाहिजे.

इथूनच अंतराचा प्रश्न येतो. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण 200 किलोमीटर जातो. म्हणजे मुंबईहून पुण्यापर्यंत स्पर्श पाठवून तो परत येईपर्यंत दीडेक मिलिसेकंद नुसत्या वाटेतच गेले. नागपूर म्हटलं की आठच्या वर. जर्मनीतल्या गेरहार्ट फेटवाइस यांनी याला स्पर्शाचं इंटरनेट असं नाव दिलं, आणि 5जी च्या चर्चेत ते सतत येतं. पण त्याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर 2002 मध्ये, एमआयटीच्या टच लॅबचे मंदयम श्रीनिवासन आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले सहकारी अटलांटिकच्या दोन तीरांवर बसले, आणि दोघांनी मिळून एकच आभासी ठोकळा दोन बाजूंनी दाबून उचलला. आपल्या पवईत, आयआयटी मुंबईत, सुभासिस चौधुरी यांच्या प्रयोगशाळेने या विषयात बरंच काम केलं आहे. त्यातला एक धागा म्हणजे सगळं न पाठवता फक्त हाताला कळेल एवढाच बदल पाठवणं. याचं मूळ अर्न्स्ट वेबर यांच्या 1834 च्या निरीक्षणात आहे: फरक कळतो तो मुळात किती होतं त्याच्या प्रमाणात. हलक्या पिशवीत एक बटाटा टाकला तर कळतो, भरल्या पिशवीत कळत नाही. त्याच प्रयोगशाळेत प्राचीन शिल्पांची त्रिमितीय रूपं हाताने चाचपता यावीत यासाठीही काम झालं. संग्रहालयात 'हात लावू नये' अशी पाटी वाचून जे मूल हिरमुसतं, त्याच्यासाठी या कामाचं मोल मला फार वाटतं.

आता माणसांबद्दल. तुम्ही 'कोण करतं' असं विचारलंत. नावांची यादी इंटरनेटवर मिळेल. मला वेगळंच दाखवायचं आहे: यातल्या बहुतेकांनी कुणा एका ठरावीक हातासाठी काम सुरू केलं.

रेमंड गर्ट्झ शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत होते. किरणोत्सारी पदार्थ जाड भिंतीपलीकडून हाताळायचे, आणि पकड किती घट्ट आहे हे अलीकडच्या हाताला कळायला हवं. 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दांडे आणि तारांनी जोडलेले हात बनवले, 1954 मध्ये विजेवर चालणारे, बळ परत देणारे. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा जोड-हातांवर स्वतंत्रपणे काम होतं. दूरवरच्या वस्तूचा स्पर्श यंत्रातून हातापर्यंत आणण्याची सुरुवात ही अशी, खेळासाठी नव्हे.

जॉन लिन्विल स्टॅनफर्डला विद्युत अभियांत्रिकी शिकवायचे. त्यांची मुलगी कँडी लहानपणापासून अंध होती, आणि आई तिच्यासाठी पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवून काढायची. 1962 मध्ये जर्मनीत एका वेगवान छपाईयंत्राच्या बारीक हातोड्या बघताना लिन्विलना वाटलं, या हातोड्यांवर बोट ठेवलं तर अक्षर कळेल. त्यातून ऑप्टॅकॉन झाला. एका हातात छोटा कॅमेरा छापील ओळीवरून फिरवायचा, दुसऱ्या हाताचं बोट 144 थरथरत्या पिनांवर. 1971 पासून तो विकला जाऊ लागला, आणि कँडी त्यावर साधी छापील पुस्तकं वाचत शिकली. 1996 मध्ये उत्पादन बंद झालं तेव्हा वापरणारे हळहळले.

पॉल बाख-इ-रिटा यांनी 1969 मध्ये दंतवैद्याच्या खुर्चीच्या पाठीत 400 कंपक बसवले आणि कॅमेऱ्यातलं चित्र अंध माणसाच्या पाठीवर उमटवलं. कॅमेरा दुसऱ्याने फिरवला तर पाठीवर नुसती गुदगुली. स्वतः फिरवला तर हळूहळू समोरची वस्तू 'तिथे' असल्यासारखी जाणवायला लागायची. भेंडीचा शेंडा स्वतः मोडावा लागतो, दुसऱ्याने मोडून उपयोग नाही, ते हेच.

आणि सेइची मियाके. जपानच्या या गृहस्थांनी दृष्टी मंदावत चाललेल्या मित्रासाठी 1965 मध्ये उंचवट्यांची फरशी बनवली. 1967 मध्ये ओकायामाच्या अंधशाळेजवळ ती पहिल्यांदा रस्त्यात बसली. आज मेट्रोच्या फलाटावर तुम्ही रोज ज्या पिवळ्या पट्टीवर उभ्या राहता, ती तीच. गोल ठिपके म्हणजे थांबा, लांब रेघा म्हणजे पुढे चला. जगातलं सगळ्यात यशस्वी हॅप्टिक उपकरण कोणतं असं मला कुणी विचारलं तर मी या फरशीचं नाव घेते. म्हणूनच फुटपाथवरची अशी पट्टी थेट खांबाला जाऊन भिडलेली दिसली की मला अजूनही राग येतो. ती चुकीची वाट दाखवणारी पाटी आहे, आणि ज्याला ती वाचायची आहे त्याला दुसरी पाटी नाही.

घरच्या घरी करण्याजोगा एक प्रयोग. नव्या मालिकेच्या शंभराच्या आणि पाचशेच्या नोटेच्या कडांवर डोळे मिटून बोट फिरवा. शंभरावर चार तिरक्या उठावदार रेघा, पाचशेवर पाच. आता घामाच्या खिशात महिनोन्‌महिने फिरलेली नोट घेऊन तेच करा. वरळीच्या नॅब या अंधांसाठीच्या संस्थेत किंवा सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या दृष्टिबाधितांच्या केंद्रात या विषयावर तळमळीने बोलणारी माणसं भेटतील. परवानगी घेऊन जा आणि नुसतं ऐका. आमच्या एका उपकरणाची चाचणी घेताना एक निवृत्त अंध टेलिफोन ऑपरेटर म्हणाले होते, "ताई, ही मोटर मला सांगते की काहीतरी आहे. काय आहे ते सांगत नाही." त्यानंतर आम्ही त्या उपकरणातली सगळी कंपनं नव्याने लिहिली. आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन काठी बघा. अडथळा किती जवळ आहे त्याप्रमाणे मुठीतलं कंपन बदलतं. हैदराबादच्या 'ले चल' बुटांची कल्पनाही अशीच, वळायचं त्या बाजूचा पाय थरथरतो. दोन्हीकडे उपकरणाने एकच साधी गोष्ट सांगायची ठरवली आहे, आणि तेच त्यांचं बळ.

हेडसेटच्या बाजूबद्दल थोडंच सांगते, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मॉर्टन हायलिग यांच्या 1962 च्या पेटंटमधल्या यंत्रात थरथरणारी खुर्ची, वारा आणि वास होता. इव्हान सदरलँड यांनी 1965 मध्येच लिहिलं होतं की अशा आभासी खोलीतली खुर्ची बसण्याइतकी पक्की असायला हवी. डोक्यावरचा पडदा त्यांनी 1968 मध्ये बनवला. म्हणजे स्पर्श पहिल्या दिवसापासून स्वप्नात होता, मागे पडला तो कठीण म्हणून. एमआयटीत विद्यार्थी असताना थॉमस मॅसी यांनी केनेथ सॉल्सबरी यांच्यासोबत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला फँटम बनवला, बोट टोपणात घालून आभासी वस्तू चाचपायचा यांत्रिक हात. आमच्या पिढीने त्याच्यावरच धडे गिरवले. हातात काहीच न घालता हवेत स्पर्श देण्याचं कामही झालंय. टोकियोत हिरोयुकी शिनोदा यांच्या गटाने आणि नंतर ब्रिस्टलमध्ये श्रीराम सुब्रमणियन आणि टॉम कार्टर यांनी अल्ट्रासाउंडचे शेकडो छोटे स्पीकर एका बिंदूवर रोखून तळव्यावर झुळूक जाणवेल असं केलं. छान वाटतं, पण पेला उचलल्याचं समाधान त्यात नाही.

काचेवर पोत जाणवून देणाऱ्या पडद्यांची गंमत मात्र सांगायलाच हवी. एडवर्ड मॅलिनक्रॉट यांना 1953 च्या सुमारास लक्षात आलं की दिव्याच्या पितळी होल्डरवरून बोट फिरवताना दिवा चालू असला तर धातू खरखरीत लागतो आणि बंद असला तर गुळगुळीत. तुम्हीही हे अनुभवलं असेल: अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूवरून बोट अलगद सरकवलं की जी रवाळ सळसळ लागते, ती तीच. ती मुद्दाम शोधायला जाऊ नका, अर्थिंग दुरुस्त करून घ्या. कातडीचा वरचा कोरडा थर मध्ये असतो, वीज बोटाला किंचित ओढते आणि सोडते, म्हणून घर्षण बदलतं. पण बोट कोरडं हवं. आम्ही असा पडदा फेब्रुवारीत जुळवून ठेवला होता, जुलैत त्याच्यावर काहीच लागेना.

आता भाषेचं. चाचणीत लोकांना 'रफ की स्मूथ' असं विचारलं की उत्तरं मोघम येतात. मराठीत विचारा. खरखरीत, खडबडीत, रवाळ, बुळबुळीत, सुळसुळीत, लुसलुशीत, भुसभुशीत: यातला प्रत्येक शब्द वेगळं भौतिक मोजमाप आहे. त्याहून उपयोगी क्रियापदं. खडा पायाला टोचतो, खिशातली किल्ली बसल्यावर बोचते, काटा रुततो, तुटून आत राहिला की सलतो, डोळ्यात कण खुपतो. दुखणं वाहून नेणारे तंतू बाजूला ठेवले तर टोचण्यात बदल आहे, बोचण्यात टिकून राहिलेला दाब आहे. कंपन देणारी छोटी मोटर टोचल्याचा भास देऊ शकते, बोचल्याचा कधीच नाही, कारण तिच्याकडे टिकणारा दाब नाही. मोटर निवडताना मी आजही आधी क्रियापद ठरवते. नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच करायला लावते.

सुरुवात अशी करा. लॅमिंग्टन रोडवर नाण्याएवढी कंपन-मोटर शंभर रुपयांच्या आत मिळते. सोबत रेषीय कंपनाची, म्हणजे गोल न फिरता पुढेमागे हलणारी, एक मोटर घ्या. डीआरव्ही2605एल ही मोटर चालवणारी ड्रायव्हर चिप आणि तिला हुकूम द्यायला ईएसपी32 हा छोटा संगणक-बोर्ड घ्या. चिपमध्ये 123 तयार कंपनं असतात. सगळी वाजवून बघा, आणि प्रत्येकीला एक मराठी शब्द द्या. मग स्टॅनफर्डच्या ॲलिसन ओकामुरा यांच्या गटाने खुला केलेला हॅपकिट, म्हणजे हाताला बळ परत देणारं शिकाऊंसाठीचं छोटं यंत्र, बनवा. एकच अक्ष, एक मोटर, कॅपस्टन; आराखडे मोफत आहेत, थ्रीडी प्रिंटिंग शहरात कुठेही होतं. त्यावर पहिली आभासी भिंत उभी करा. वेग मुद्दाम हजारावरून शंभरावर आणा आणि तो भुंगा अनुभवा. मग पिवळा अस्थिबंध लिहून बघा: जोर वाढत जातो, आणि एका जागी सुटतो. तो सुटला की तुमच्या आजीचा, भावाचा, शेजारच्या शिंपीकाकांचा हात आपोआप थांबतो का ते बघा. शिंपीकाकांचं मत लिहून ठेवा, त्यांच्या बोटांना सुतागणिक फरक कळतो.

वहीत प्रत्येक नोंदीपुढे तारीख लिहा, बोट कोणाचं ते लिहा आणि त्या दिवशीची हवेतली आर्द्रता लिहा. आर्द्रता मोजायचा छोटा सेन्सर त्याच दुकानात मिळतो. तुम्ही आत्ता उन्हाळ्यात सुरू कराल. जुलैत सगळं पुन्हा मोजावं लागेल, तेव्हा ही तिसरी ओळच तुम्हाला सांगेल की बिघडलंय ते यंत्र, की फक्त बोट ओलं आहे.